धोटा

मे महिन्यात मेडिकलच्या तिसऱ्या मजल्यावर
इलेक्ट्रोड छातीला चिकटत नाहीत.
घाम त्यांना हळूच उचलतो
आणि पडद्यावरची रेघ भलतीकडेच चढत जाते.
म्हणून आधी कापूस, मग स्पिरिट, मग पट्टी,
मग कूलर बंद.
अख्खा वॉर्ड माझ्याकडे बघतो.
"दहा मिनिटं फक्त," मी म्हणते,
"त्याची घरघर हृदयात शिरते."

पलंग एकोणीस. सुदाम हेडाऊ, वय एकसष्ट,
राहणार गोळीबार चौक.
माग केव्हाच भंगारात गेला,
डावा पाय मात्र अजून पावडी दाबतो,
पलंगाच्या लोखंडी दांडीवर.
"काका, पाय स्थिर ठेवा."
"हाव," ते म्हणतात.
पाय हलतोच.

मला रेघ नको असते. रेघ डॉक्टर वाचतात.
मला हवी असतात दोन ठोक्यांमधली अंतरं:
आठशे बारा, आठशे चाळीस, सातशे पंच्याण्णव,
सेकंदाचे हजारावे भाग.
पहिलं मांडायचं आडव्या अक्षावर,
त्याच्या मागोमाग आलेलं उभ्यावर.
एक ठिपका.
मग उभं होतं ते आडवं होतं,
नवं येऊन उभं राहतं.
दुसरा ठिपका.
कुठलंच अंतर एकदा वापरून सुटत नाही.
साडेसातशे ठिपके पडेपर्यंत
किती वाजले ते कागदावरून निघून गेलेलं असतं,
आकार तेवढा बसलेला असतो.

"लंबगोलाची रुंदी मोज, लांबी मोज,
आणि रडू नकोस,"
बारापात्रे सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते.
तीन वर्षं मी तेच करतेय. रडणं सोडून, बहुतेक वेळा.

लॅपटॉपवर आधीचा एक आलेख उघडा राहिला होता.
काकांनी मान वळवली. "हा कोणाचा?"
"माझाच. यंत्र तपासायला घेतलेला."
"हा त धोटा होय," ते म्हणाले.
दोन्ही टोकं निमुळती, पोट मधे.
"इथं कांडी बसते," त्यांनी बोट ठेवलं,
पडद्यावर, बरोबर माझ्या सरासरीवर.

"आन माया?"

त्यांचे ठिपके येत होते,
फाटक्या पुडीतून मोहरी सांडावी तसे,
कोपऱ्यातून निघून जिकडे तिकडे.
माझ्याकडे शब्द होते: विखुरलेपण, लघु अक्ष, अनियमित.
एकही उचलवेना.
त्यांनी बराच वेळ पाहिलं.
"धोटा उडाला," शेवटी म्हणाले.
उडालेला धोटा एकदा शेजारच्या मागावरच्या
गोमाजीच्या कानाला लागला होता, म्हणे,
तेव्हापासून त्याला उसनवारीचं ऐकू यायचं नाही.
हसले. ते हसणंही रेघेत उमटलं,
मला तेवढा तुकडा कापून टाकावा लागला.
"उडाला का माग थांबवाचा, बाई.
टोक सापडेपावतर शिव्या नाई द्याच्या."

मग त्यांनी कागद मागितला.
नियमात बसत नाही. दिला.
कोपऱ्याला कोपरा लावून त्यांनी तो दुमडला,
खर्र्याची पुडी बांधतात तसा,
नेमका त्या कर्णावर
जिथे मागचा ठोका आणि पुढचा सारखे असतात.
वरचे ठिपके खालच्यांवर आले.
खिडकीच्या पांढऱ्या उन्हात कागद क्षणभर आरपार झाला:
काही ठिपके एकमेकांवर बसले, पुष्कळ बसले नाहीत.
वरच्या अंगाला दाटी,
ठोका जिथे रेंगाळतो तिकडे,
आणि घाईच्या बाजूला
कागद नुसता कोरा.

हे मी कधी मोजलंच नव्हतं.

"काका, एकदा उघडता का परत?"
पण तोवर कुणीतरी कूलर लावला होता,
वाळ्याचा ओला वास पलंगांवरून सरकत आला,
बावीस नंबरने "हाश्श" केलं,
आणि पुडी सदऱ्याच्या खिशात गेली,
पट्टीला लागून.

मेडिकल चौकात, टपरीच्या सावलीत
मी वहीचं एक पान फाडलं.
काही न लिहिता
आधी तिरकं दुमडलं.